पोळपाटावरचा गेम

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की आधी मला विचारतात. मिक्सर, गादी, इन्व्हर्टर, भाचीची सायकल, सगळं माझ्याकडून पास व्हावं लागतं. माझे प्रश्न ठरलेले आहेत. काय कामाला येणार? कुठे ठेवणार? आणि महिन्याभराने कोण वापरणार? बहुतेक वस्तू दुसऱ्या प्रश्नावरच गळतात, कारण आमचा वर्तकनगरचा फ्लॅट काही रबराचा नाही.

त्यामुळे धाकट्या भावाने टिटवाळ्याहून फोन केला, आणि "ताई, कामात आहेस का?" असं गोड आवाजात विचारलं, तेव्हाच मला कळलं की याला काहीतरी घ्यायचंय.

"आपले लहानपणचे व्हिडिओ गेम परत आलेत," तो म्हणाला. "ऑफिशियल. सगळे एका कलेक्शनमध्ये. चित्रं साफ केलीत, आवाज साफ केलाय."

"ते आपल्याकडे होते की."

"होते, पण कॅसेटवर."

"मग तेच पुन्हा विकत घ्यायचे?"

"तेच नाही गं. म्हणजे तेच, पण ओरिजिनल. आणि त्यात एक सेटिंग आहे, ते लावलं की जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा दिसतात."

"त्या रेघा घालवायला बाबा गच्चीत जाऊन अँटेना फिरवायचे."

"तीच तर मजा."

मुलीच्या गेमिंग कन्सोलवर स्वतःची हौस भागवणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी नाही म्हटलं. फोन स्पीकरवर होता, कारण मी भेंडी चिरत होते. विषय तिथेच संपला असता, पण समोर बसलेल्या आईने मान वर केली.

"त्यात तो टोपलीवाला आहे का रे?"

आई तेव्हा माझ्याकडे मुक्कामाला होती, आणि हे आम्हा दोघींनाही फारसं झेपत नव्हतं. डोंबिवलीला ती एकटी राहते आणि मजेत राहते. गॅलरीतल्या कुंड्या सरकवताना घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. नौपाड्यातल्या फिजिओथेरपिस्टने दाबायला मऊ चेंडू दिला होता. आईने दोन दिवस तो दाबला आणि मग माझ्या तुळशीच्या कुंडीत ठेवून दिला. "कुत्र्यासारखं चेंडूशी खेळायचं वय आहे का माझं?"

तिला घरी जायचं होतं. रोज सकाळी चहाबरोबर ती विषय काढायची आणि मी रोज तीच अट सांगायची. तिच्या दाराचं कुलूप जुनं आहे. डाव्या हाताने दार आपल्याकडे ओढून धरायचं आणि उजव्या हाताने किल्ली दाबत फिरवायची, तरच ते उघडतं. ते कुलूप तिने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने उघडलं तर ती राहील तिथे. नाही उघडलं तर बिऱ्हाड कायमचं माझ्याकडे. कुलूप बदल, असंही तिला सुचवून झालं होतं. पण ज्या बोटांनी किल्ली फिरत नाही त्या बोटांनी कुकरचं झाकण कसं लागणार, हा माझा मुद्दा होता.

आता टोपलीवाल्याबद्दल. आम्ही शाळेत असताना बाबांनी उल्हासनगरच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचं लिहिलं होतं. प्रत्यक्षात पाचसहाच होते, तेच पुन्हा वेगवेगळ्या नंबरांखाली. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, दाबून बसवायची, अडॅप्टर तापला की पंख्याखाली ठेवायचा. त्यातला एक गेम म्हणजे पाठीवर टोपली घेतलेला बुटका माणूस. तो निळ्या पाण्याखालून शिंपले गोळा करत जायचा आणि मध्येमध्ये गोल डोळ्यांचे मासे त्याला आडवे यायचे.

आई सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. आम्हाला "बंद करा ते" म्हणणारी ही बाई सुट्टीच्या दुपारी आम्ही झोपलोय असं समजून स्वतः खेळते, हा शोध मला आणि भावाला एकदमच लागला. ती गेमचा रिमोट हातात धरायची नाही. पाटावर आडवा ठेवायची आणि टाइप केल्यासारखी बोटांनी बटणं बडवायची. टोपलीवाला तिच्या हातून कधी हरला नाही. खरं तर तो आमच्याही हातून कधी हरला नाही. मासा लागला की आडवा पडायचा आणि लगेच उठून चालायला लागायचा. पण चॅम्पियन आईच, हे घरात ठरलेलं होतं.

"आहे ना आई, टोपलीवाला आहे," फोनमधून भाऊ म्हणाला.

"मग घे," आई म्हणाली. घरात माझ्या परवानगीशिवाय झालेली ही पहिली खरेदी.

रविवारी भाऊ कन्सोल पिशवीत घालून घेऊन आला. माझ्या टीव्हीला वायर जोडली, कलेक्शन लावलं. आधी कंपनीचं नाव, मग जुन्या जाहिरातींचं संग्रहालय, मग गेम बनवणाऱ्यांची छायाचित्रं. आईने विचारलं, "हे लोक कोण? यांना कशाला बघायचं?" त्याने ते पुढे ढकललं.

नवा रिमोट दोन शिंगांचा, फुगीर. आईच्या हातात तो बसेना. तिने इकडेतिकडे बघितलं, स्वयंपाकघरात गेली आणि माझा पोळपाट घेऊन आली. त्यावर फडक्याची घडी, घडीवर रिमोट. डगमगेनासा झाल्यावर तिने बोटं ठेवली. डाव्या हाताची सरळ, उजव्या हाताची विळ्यासारखी वाकडी.

टोपलीवाला आला. पण पाणी नव्हतं. विटांची टेकडी होती आणि वरून वटवाघळं येत होती. पहिल्याच वटवाघळाने त्याला आडवा केला. तो उठला. पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा पडल्यावर पडदा काळा झाला आणि खेळ संपल्याची पाटी आली.

आईने पाटी नीट वाचली.

"हा डुप्लिकेट आहे," ती म्हणाली. "परत दे दुकानात."

"अगं आई, हाच ओरिजिनल आहे."

"ओरिजिनलमध्ये पाणी होतं. आणि आपला माणूस मरत नव्हता."

भाऊ स्वतः खेळायला बसला. टेकडीच्या अर्ध्यातच गारद झाला. मग मी बसले. माझं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. तिघांनाही प्रामाणिकपणे वाटत होतं की कंपनीने आम्हाला फसवलं. कंपनीला तक्रार लिहायची म्हणून भावाने मोबाइल काढला आणि लिहिण्याआधी सुदैवाने थोडं वाचलं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "डुप्लिकेट आपली कॅसेट होती. गेमची संख्या जास्त दिसावी म्हणून ते लोक एकच गेम वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून द्यायचे. पाणी ही पाचवी पायरी आहे. आणि माणूस मरू नये, अशी त्यात खटपट केलेली होती."

"म्हणजे आई कधी जिंकलीच नाही?"

"आपण कोणीच."

आई ऐकत होती. "वाचलेलं काहीही सांगू नकोस," ती म्हणाली. "पाचव्या पायरीवर पाणी आहे म्हणतोस ना? मी बघते तिथवर जाऊन. नाही निघालं तर पैसे तुझे गेले."

भावाला कन्सोल संध्याकाळी परत न्यायचा होता. आईने वायरला हात लावू दिला नाही. "तुझ्या मुलीला सांग, आजीने ठेवून घेतलाय. अभ्यास कर म्हणावं."

त्यानंतर माझ्या घरात पोळपाट मोकळा मिळेना. पोळ्यांच्या वेळी मी हात पुढे केला की ती म्हणायची, "थांब, एवढी टेकडी होऊ दे." मी दोन दिवस ताटावर पोळ्या लाटल्या आणि तिसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावरून दुसरा पोळपाट आणला.

या कलेक्शनमध्ये एक सोय आहे. चूक झाली की एक बटण दाबायचं, खेळ थोडा मागे जातो आणि माणूस पुन्हा जिवंत. मी ते बटण बिनदिक्कत वापरते. त्याच्या जोरावर मी दोन टेकड्या पार केल्या. आईने बघितलं आणि म्हणाली, "ही खोडून लिहिणारी." तिच्या काळात टाइप करताना चूक झाली की पान पुन्हा पहिल्यापासून. तिने ते बटण एकदाही दाबलं नाही. ती मरायची, टोपलीवाल्याला दोन शब्द सुनवायची आणि खालून सुरू करायची. जुन्या रेघांचं सेटिंग तर तिने पहिल्याच दिवशी काढायला लावलं होतं. "आधीच मला कमी दिसतं, त्यात या कशाला?"

नौपाड्याला तपासणीसाठी गेलो तेव्हा फिजिओथेरपिस्टने आईची बोटं एकेक वाकवून बघितली आणि खूश झाली.

"आजी, छान. नियमित करताय ना?"

"रोज दाबते चेंडू," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

पाणी एका दुपारी आलं. मी कपड्यांच्या घड्या करत होते. तिने हाक मारली नाही, नुसती बटणं थांबली, म्हणून मी वळून बघितलं. पडद्यावर निळं पाणी, शेवाळ, शिंपले. गोल डोळ्यांचा मासा समोरून येत होता. आई त्याच्याकडे बघत बसली. माशाने टोपलीवाल्याला शेवटचं आडवं केलं.

"म्हणजे आपण मधूनच सुरू करायचो," ती म्हणाली. मग चष्मा पुसून, "उद्या डोंबिवलीला जाऊ. आण तुझं कुलूप."

कुलूप तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारासमोर आम्ही तिघं उभे होतो. शेजारच्या काकू मदतीला आल्या, त्यांना आईने तिथेच थांबवलं. डाव्या हाताने दार ओढलं, उजव्याने किल्ली घातली, दाबली. फिरली नाही. भावाने हात पुढे केला, मी त्याला मागे ओढलं. अट माझी होती, ती मलाही पाळायला हवी होती. आईने किल्ली बाहेर काढली, बोटं दोनदा उघडमीट केली, पुन्हा घातली. आत काहीतरी खट झालं आणि दार उघडलं. ती चप्पल काढून सरळ गॅलरीत गेली आणि कुंड्यांना पाणी कोणी घातलं नाही म्हणून आमच्यावर ओरडली.

कलेक्शन घ्यावं की नाही, हे मला हल्ली भावाचे मित्रही विचारतात. मी सांगते, लहानपणीचा गेम परत हवा असेल तर घेऊ नका. तो यात नाही. यातला माणूस मरतो.

कुलूप उघडलं त्याच दिवशी भाऊ माझ्याकडून कन्सोल टिटवाळ्याला घेऊन गेला, कारण त्याच्या मुलीने बोलणं टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात मी दुकानातून त्याला फोन केला, आईसाठी कुठला कन्सोल घ्यायचा ते विचारायला. तो ही संधी सोडणार नव्हता.

"काय कामाला येणार, ताई?"

"बोटांच्या."

"आणि एवढ्याशा घरात कुठे ठेवणार?"

"पोळपाटावर," मी म्हटलं. "जुना तिच्याकडेच आहे. तू मॉडेल सांग."