ट्रॅक्टरची तीट

शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला सयाजीची रंगाची शेड आहे. माणूस सोन्यासारखा, पण स्वभाव सुनेच्या भाकऱ्या तपासणाऱ्या सासूचा. रंगावरचा चकचकीत थर, क्लिअरकोट, वाळला की त्यावर बोट फिरवत बसणार. राजगिऱ्याएवढी कणी लागली, की वॉटर पेपर भिजवून घासायला सुरू!

गणपतरावांनी बेंदरासाठी जुना ट्रॅक्टर त्याच्याकडे रंगवायला टाकला. बैल केव्हाच गेले, आता पूजेचा मान ट्रॅक्टरचा. सणाच्या आदल्या दिवशी ते बघायला आले, तर बॉनेट पांढरट, मुर्दाड.

“आरसा करतो म्हणालास, आन् ह्ये ताकाचं पातेलं केलंस व्हय रं?”

“आदी घासून चमक घालवायची, मग पॉलिशनं वर काढायची. दम धरा की, गणपतराव!”

मशीन फिरलं, पॉलिशचं कंपाउंड उडालं आणि बॉनेटमध्ये गणपतरावांच्या मिशा दिसायला लागल्या. सयाजीनं बजावलं, “रंग अजून कच्चा हाय. बॉनेटला तेल न्हाय, हळद न्हाय, कुंकू न्हाय. पूजा करायची ती चाकाची.” तरी जिवाला चैन पडेना, म्हणून सणादिवशी राखणीला स्वतःच त्यांच्या दारात हजर.

गणपतरावांच्या आईनं, बनाबाईंनी, सगळं ऐकलं. हळदकुंकू चाकाला लावलं, पुरणपोळी समोर पाटावर ठेवली, नारळही लांब दगडावर फोडला. सयाजीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बनाबाईंना बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसला. त्या बघतच राहिल्या. पदर सारखा केला, पुन्हा बघितलं. मग लगबगीनं आत गेल्या, तेलात कालवलेलं काजळ घेऊन आल्या आणि सयाजी “आज्जी, आज्जी” करत धावेपर्यंत बॉनेटच्या मधोमध रुपयाएवढी तीट लावून मोकळ्या.

“एवढं देखणं केलंस लेका, दृष्ट लागंल की!”

सयाजी हातात फडकं घेऊन उभा. पुसावं तर सणासुदीचा अपशकुन, ठेवावं तर रंगाला डाग. राग मस्तकात गेला होता. पण आजवर एवढ्या गाड्या चमकवल्या, त्याच्या कामाला दृष्ट लागेल अशी काळजी कुणालाच वाटली नव्हती. फडकं त्यानं खिशात कोंबलं.

निघताना मात्र राहवलं नाही.

“आज्जी, जरा कडंला तरी लावायची की!”