वेग घेतला की थरथर

माझे वडील पंचेचाळिशीत कंपवाताने अंथरुणाला खिळले. फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढणारे मास्तर, त्यांना पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येईना. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर मी रोज सकाळी स्वतःचे हात न्याहाळू लागलो. मी डॉक्टर. दुसऱ्याला धीर देण्यात मात्र पटाईत होतो.

मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अलिबागला माझा दवाखाना चांगला चालला होता आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याने वापरून टाकलेली मोटार मी हौसेने घेतली होती. चाकांचे आरे लाकडी, पिवळेधमक. लाकूड कुजेल म्हणून मी त्यांना पाण्याचा थेंब लागू देत नसे; गड्याला कोरड्या फडक्याने पुसायला लावी. एवढी काळजी मी बायकोचीही घेतली नाही, असं ती म्हणायची.

फाल्गुनात एकदा घाईचं बोलावणं आलं. मोटारीने वेग घेतला आणि स्टिअरिंगवरचे माझे हात थरथरू लागले. वेग कमी केला, हात शांत. परत येताना सावकाश आलो, काही नाही. पुढच्या तातडीच्या फेरीला पुन्हा तेच. घरी काठोकाठ भरलेला पेला हातावर धरून पाहिला तर एक थेंब सांडला नाही. धीर यायचा सोडून माझी भीती वाढली. म्हणजे हात फक्त घाईच्या वेळी दगा देतात, आणि डॉक्टरला हात लागतात ते नेमके घाईच्या वेळी! मोटारीचा संशय मला आला नाही. आमच्या रस्त्यांवर ती एरवीही खडखडतच असायची. मी कोणाला बोललो नाही, पण दोन महिने चाकू हातात धरला नाही. जरा अवघड रोगी आला की त्याला लाँचने मुंबईला पाठवून देई.

वैशाखात एके दिवशी सकाळी खाडीकाठच्या खारेपाटातला एक मीठ वाहणारा गाडीवान आला. त्याची बायको दोन दिवस अडली होती. सुईणीने हात टेकले होते. मी बॅग घेतली, अडलेलं मूल ओढून काढायचा चिमटाही घेतला, पण मनात ठरवलं होतं की तो वापरायचा नाही. बाईला मोटारीत घालून आणायचं आणि लाँचने मुंबईला धाडायचं. एवढ्या धक्क्यांत ती वाटेत जाईल हेही मला ठाऊक होतं.

कार्ले खिंड उतरलो, सपाटीला वेग घेतला आणि थरथर सुरू झाली. गाडीवान माझ्या शेजारी अनवाणी पाय फळीवर रोवून बसला होता. थोड्या वेळाने त्याने मला मोटार हळू करायला सांगितलं. मग जोरात. मग पुन्हा हळू. मला राग आला. बायको मरणाच्या दारात आणि याला मोटारीची मौज सुचते! तेवढ्यात इंजिन तापून वाफ उसळली आणि एका तळ्याकाठी थांबावंच लागलं. चिडून, घाबरून, मी दोन महिने दाबून ठेवलेलं त्या परक्या माणसापुढे बोलून गेलो, "तुझ्या बायकोचं बाळंतपण माझ्याच्याने होणार नाही रे. माझे हात थरथरतात."

तो म्हणाला, "हात न्हाय, डाक्टर. चाक थरथरतंय."

तो पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला. एक दगड उचलला आणि डोळे मिटून एकेक आरा ठोकत गेला. मी बघतच राहिलो. आम्ही रोग्याच्या छातीवर बोटं ठोकून आत पाणी झालंय का ते ऐकतो, अगदी तसंच तो ऐकत होता. टण, टण, टण, आणि मग बद्द. पुढचाही बद्द. त्या दोन आऱ्यांना त्याने हाताने हलवून दाखवलं. उन्हाने लाकूड आकसून ते खाचेत सैल झाले होते. सावकाश जाताना चाक कसंबसं निभावून नेई, वेग घेतला की डोलू लागे. वैशाखात आम्ही गाडीची चाकं पाण्यात बुडवून ठेवतो, तुम्ही ठेवत नाही का, असं त्याने सरळपणे विचारलं. कोरड्या फडक्याची हकिकत सांगायची मला लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी मी माझ्या हातांना शिक्षा दिली होती.

इंजिन निवेपर्यंत त्याने बाभळीच्या काटकीच्या पाचरी करून ठोकल्या आणि चाकावर डबाभर पाणी ओतलं. मी मोटार जोरात सोडली. थरथर निम्म्याहून कमी झाली होती. शिकलेला मी होतो, आणि ज्याची बायको मरत होती त्या माणसाने दगडाच्या चार ठोक्यांत माझं निदान केलं होतं. इतका थक्क मी आयुष्यात पुन्हा झालो नाही.

त्याचं घर खाडीच्या बांधाखाली होतं. मी चिमटा उकळत्या पाण्यात टाकायला सांगितला. पुढचा तासभर मला माझे हात आठवलेही नाहीत. मुलगी झाली. आधी निळी, मग लाल, मग गावभर ऐकू जाईल अशी रडली.

सुईण नको नको म्हणत असताना मी मुलीला स्वतः बाहेर नेलं. बांधावर माझी मोटार एका बाजूने ओंडक्यावर टेकली होती आणि तिचं उजवं चाक नव्हतं. गाडीवान बैल धुवायच्या तळ्यातून कमरेपर्यंत भिजून येत होता. "चाक पान्यात ठेवलंय. सकाळपावत फुगंल," म्हणाला. वाटेत त्याने बायकोबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मला तो दगडाच्या काळजाचा वाटला होता.

बायको सुखरूप आहे असं मी त्याला दोनदा सांगितलं आणि मुलगी त्याच्या हातांवर ठेवली. त्याचे हात इतके थरथरू लागले की ती पडेल असं मला वाटलं. मी खालून माझे हात तसेच धरून ठेवले. ते हलत नव्हते.