डावा कौल

बाबा लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. त्यांनी आणलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसूनच मी वाचायला शिकले. नवस आणि कौल यांच्याविरुद्ध पहिलं पत्रक मी कॉलेजात असताना लिहिलं, पालीच्या बाजारात स्वतः वाटलं. पुढे वर्षभरातच माझ्या दोन्ही किडन्या गेल्या.

मग एसटीने रत्नागिरी, हातात सुया, डायलिसिस, संध्याकाळी परत. पाणी घोटाघोटाने. उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायचे. बाबांना मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. आईची जुळली. मीच नको म्हणत होते. त्या वॉर्डात जिथे तिथे किडनी देणाऱ्या बायकाच दिसत, कुणाची आई, कुणाची बायको. त्याविरुद्ध लिहायचं सोडून मीच आईपुढे हात पसरू?

आई म्हणाली, "मग बस गो जन्मभर मशीनला चिकटून. वर तुझं पत्रक लाव."

ऑपरेशनआधी तिला ग्रामदेवाचा कौल हवा होता. देवळाची चढण ती एकटी चढणार म्हणून मीही गेले. काका आधीच येऊन बसले होते. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

डावं पडलं.

काका म्हणाले, "वयनी, देवच नको म्हणतोय. आणि पोरगी उद्या लग्न होऊन गेली, की तुला काय उपयोग?"

"हे देव बोलतोय की तुम्ही?" मी ओरडले.

गुरव हळूच म्हणाला, "परत लावू काय?"

"नको," आई म्हणाली. "परत डावंच पडलं तर माझा पाय उचलायचा नाही." आणि पायऱ्या उतरू लागली.

कोल्हापूरला ऑपरेशन झालं. तिची किडनी माझ्यात चालू लागली. आता मी तांब्याने पाणी पिते आणि आई बघत राहते. तिची कूस दुखते. मला जरा ताप आला, की तिला ते डावं फूल आठवतं. मी मानत नाही. ती मानते, आणि तरीही तिने दिली. यावर काय लिहावं, मला सुचलेलं नाही.

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी दारात आली. गर्दीत जायला मला मनाई, म्हणून मास्क लावून उंबऱ्यात उभी होते. आईने ओटी भरली, गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मोठ्याने म्हणाला, "महाराजा, ह्या माउलीनं तुझा शब्द मोडला. त्याची काय शिक्षा असंल ती तिच्या एकटीच्या अंगावर घाल. पोरीला सांभाळ!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. आईही म्हणाली.

"नाही!" ज्याला मी मानत नाही त्याच्याकडे बघून मी ओरडले. तोवर ढोल सुरू झाले होते. आई हात जोडून उभीच होती, आणि पालखी शेजारच्या अंगणाकडे वळली.