नरसिंहाला कबूल केलेली वेणी

मी लहान मुलांच्या रक्ताचा अभ्यास करते असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची जरा मागे सरकवतो. नव्वदच्या दशकात लोकांना ती सोय नव्हती, कारण मी एसटीच्या बाकावर त्यांना खेटूनच बसलेली असे. मांडीवर काचपट्ट्यांची लाकडी पेटी. बारामतीच्या स्टँडवर ती किणकिणली की बायका हात पुढे करायच्या, बांगड्या दाखवा म्हणून. एकदा मी अगदी झोकात पेटी उघडली आणि पोरांच्या रक्ताचे वाळलेले थेंब दाखवले. इंदापूर येईपर्यंत आख्खं बाक माझं एकटीचं.

रक्ताचा कर्करोग झालेली मुलं पुण्यात उपचार घेऊन हसतखेळत घरी जायची, आणि त्यातली काही पुन्हा आजारी होऊन यायची. ती का येतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडेल अशी माझी खात्री होती. ते सापडलं नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर, ज्वारीच्या डब्यात. न उघडलेल्या गोळ्यांची पाकिटं.

गोळ्या एका सात वर्षांच्या पोरीच्या, पुण्याहून घरी घ्यायला दिलेल्या. तिच्या आजोबांना सगळी वस्ती आबा म्हणे. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता ऊस होता. गोळ्या आपणच बंद केल्या, असं आबांनी शांतपणे सांगितलं. पोर आजारी पडली तेव्हा त्यांनी नरसिंहाला तिची वेणी कबूल केली होती. पुण्याच्या औषधानं सगळे केस गेले. आता कुठं कानापर्यंत आले होते. वेणी होईस्तोवर औषध थांबवायचं, नवस फेडायचा, मग पुन्हा सुरू. हिशेब इतका सरळ होता की मीही क्षणभर मान डोलावली.

मग मात्र मी सगळी नाट्यकला पणाला लावली. केस गेले ते सुरुवातीच्या इंजेक्शनांनी, या गोळ्यांनी जात नाहीत. आजार दिसत नसला तरी दडून बसलेला असतो. गोळ्या थांबल्या की तो उठतो, आणि दुसऱ्यांदा उठलेला आवरणं फार कठीण. हातवारे केले, आवाज चढवला, पार कुजबुजीपर्यंत खाली आणला. आबांनी सगळं रस ​घेऊन ऐकलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "बाई, देवाचं आधी."

आहेत तेवढे केस आजच देऊन टाकू, असं मी सुचवलं.

"वेणी बोललोय मी. बोटभर केस देवाला कशापायी?"

पोरीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ती दाराआड गेली. इतक्या दिवसांनी आलेले केस तिला कुणालाच द्यायचे नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं आणि कमरेपर्यंतची माझी वेणी पुढे ओढली.

"ही चालेल का?"

"तुमी कोण तिच्या?"

"आत्या. म्हणजे तुमची लेक."

आबांनी माझी वेणी नजरेनं मोजली. मग त्यांनी बारीक डोळे करून विचारलं, "सासूला इचारलंय का?"

"माहेरच्या नवसाला सासूला कशाला विचारायचं?"

आबा असे हसले की चहा सांडला. आत जाऊन त्यांनी मेंढरांची लोकर कातरायची कातर आणली. मेंढरं विकली होती, कातर ठेवली होती.

भीमा-नीरेच्या संगमावर मी पायरीवर बसले. पोर समोरच, अगदी पहिल्या रांगेत. "हलू नकोस लेकी," आबा म्हणाले, "मेंढरू बी एवढं हलत न्हाय." कातर करकरली. आबांनी वेणी ओंजळीत घेतली, देवळाकडे तोंड करून कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली.

त्याच आठवड्यात रक्त तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुढच्या महिन्यात मी वस्तीवर गेले आणि रक्त स्वच्छ असल्याचं आबांना सांगितलं.

"मग आता गोळी बंद?"

"अजून दीड वर्ष."

आबांनी कपाळाला हात लावला. "आमचा देव एका वेणीत गप बसला. तुझा लई लांबण लावतो बग."

त्यांच्या मागं पोर उभी होती. तिनं गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्यायली आणि गिळल्याचा पुरावा म्हणून माझ्यासमोर जीभ बाहेर काढली. आत्याला दाखवायची म्हणून जरा जास्तच.