घंटा वाजली की डबा बदलणारे

अब्बांना जाऊन तीन महिने झाले. त्यांच्या कपाटात माझ्या प्रबंधाची प्रत सापडली. आतली पानं कोरी करकरीत, कडा मात्र लोकांना दाखवून दाखवून मळलेल्या.

नव्वदीच्या सुरुवातीला मी मानसशास्त्रात संशोधन करत होते. आपलं बरोबर की चूक हे कळत गेलं, की मेंदू पुढचा निर्णय कसा बदलतो, हा विषय. प्रयोग साधा होता. दोन डबे, निळा आणि पांढरा. समोरच्याने एकाला हात लावायचा. बरोबर असेल तर मी घंटा वाजवायची. घंटेचा अर्थ त्याचा त्याने ओळखायचा. कॉलेजची मुलं दहा-बारा खेपांत योग्य डबा धरून बसत. धामणकर नाक्याजवळच्या ज्या कापड कारखान्यात अब्बा लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करत, तिथले कारागीर मात्र घंटा वाजली की डबाच बदलत. सगळेच.

"महिन्याभरात काही हाती लागलं नाही, तर विषय बदला," मार्गदर्शक सर म्हणाले. दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

"मला बसव की एकदा," अब्बा म्हणाले. त्यांनी निळ्याला हात लावला. घंटा. हात लगेच पांढऱ्यावर.

"का बदललंत?"

"घंटा वाजली ना? म्हंजे चुकलं."

"बरोबर होतं म्हणून वाजवली, अब्बा!"

ते हसतच सुटले. "अगं डॉक्टरीणबाई, लूम नीट चालला तर कोण हाक मारतो? इतक्या वर्षांत शेठ 'शाब्बास' म्हणायला एकदा आला न्हाय. हाक आली म्हंजे कायतरी बिघडलं."

दुसऱ्या दिवसापासून मी चुकीला घंटा वाजवू लागले, नव्या कारागिरांसमोर. ते पाच-सहा खेपांत स्थिरावले. मध्येच मी योग्य डबा बदलला, तेही त्यांनी चटकन ओळखलं. तशाच घंटेला कॉलेजची मुलं गोंधळली. सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. "मेंदू घंटेचा अर्थ कामावरून शिकून येतो. हाच तुमचा प्रबंध," ते म्हणाले.

पदवी मिळाली त्या दुपारी अब्बांनी मला कारखान्यात नेलं आणि मेन स्विच खाली ओढला. सगळे लूम एकदम थांबले.

"क्या हुआ चाचा?"

"बेटी डॉक्टर हो गई! तुम्हारे गलत डिब्बे से!"

टाळ्या, शिट्ट्या. मी खाली मान घालून रडत होते, हसतही होते. मग कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "मुबारक हो मॅडम! चाचा, अब बत्ती तो चालू करो, कपडा निकालना है."