पट्टा घातला की ड्युटी

कुत्रा घेऊन फिरणाऱ्या आंधळ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. ते जीपमध्ये आधीच जागा धरून बसलेले असतात!

मी फिरती शिक्षिका. दर बुधवारी तळोद्याजवळच्या एका गावात, प्राथमिक शाळेतल्या पिंकीला ब्रेल शिकवते. तिलाही माझ्यासारखंच दिसत नाही. मला वाट दाखवतो माझा कुत्रा, ब्रूनो. लोक म्हणतात, "बिचारी!" बिचारी असेल त्यांची सासू!

*

पहिल्याच बुधवारी जीपवाला म्हणाला, "ताई, कुत्राले टपवर टाका."

"टाकते की! आधी तू चढून दाखव. तू नीट बसलास की त्यालाही पाठवते."

मागची म्हातारी खो खो हसली आणि पाय आखडून तिनंच ब्रूनोला जागा केली.

*

वर्गात शिरलो. पोरं उभी राहिली, "गुड मॉर्निंऽऽग!" गुरुजी म्हणाले, "सिट डाऊन!"

सगळ्यात आधी ब्रूनो बसला.

"चला," गुरुजी म्हणाले, "या वर्गात एकानं तरी पहिल्या हाकेत ऐकलं!"

पोरांना मी नियम सांगितला. अंगावर पट्टा आहे तोवर ब्रूनो ड्युटीवर. हात लावायचा नाही, ओढायचं नाही, खायला द्यायचं नाही. पोरांनी तो पाढ्यासारखा पाठ केला.

*

खिचडी करणाऱ्या मावशींना मात्र नियम कोणी सांगितलाच नाही. त्यांनी ताटली ठेवली. ब्रूनोनं तोंड फिरवलं. मावशी रडकुंडीला आल्या.

"मन्ही खिचडी कुत्राबी खात नही, आसं म्हणतीन ना लोके!"

सुटी झाल्यावर पट्टा काढला, तेव्हा ब्रूनोनं ताटली चाटून लख्ख केली. मावशींनी ती गावभर दाखवली.

*

आप्पा म्हणजे पिंकीचे आजोबा आणि शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी बजावलं होतं, "शाळामा कुत्रं? नी आंधळी पोरले शिकाडीसन काय करशात? पुढला बुधवारले कुत्रं दिखना ते पोर घर!"

माझा संताप संताप झाला. पुढच्या बुधवारी ब्रूनोला घेऊन ताठ मानेनं गेले. पण पिंकीची शाळा बंद झाली तर ती कायमची घरच्या ओसरीवर बसणार.

आप्पा आलेच. "चाल वं, घर!"

पिंकी वर्गात कधी तोंड उघडायची नाही. मला फक्त दप्तर उचलल्याचा आवाज आला. वाटलं, निघाली पोर. मग दप्तराचा एक पट्टा सळसळत खांद्यावर चढला. दुसराही चढला. आणि बाक करकरला. ती परत बसली होती.

"हात लावाना नही, आप्पा! पट्टा घाली लिधा. मी ड्युटीवर शे!"