अफिफाची मठाटी

पोळा जवळ आला की बार्शीटाकळीच्या शकुनच्या ओट्यावर रंग सांडायचे. लाल-हिरवं सूत, काचेचे मणी, गोंडे. क्रोशाच्या सुईवर ती मठाट्या विणायची. मठाटी म्हणजे बैलाच्या कपाळावरचा दागिना. दोन्ही टोकांना फासे, ते शिंगांत अडकवायचे. हे काम तिला सासऱ्यांनी, पुंजाजींनी शिकवलं. आता गावात ट्रॅक्टर वाढले होते. गेल्या पोळ्याला अर्ध्या मठाट्या तशाच गाठोड्यात परत आल्या, आणि शकुनला घोर लागला. सुईला दुसरं काम मिळालं नाही, तर ती गंजणार.

काम मिळालं ते अकोल्यात, जिथून ती मणी आणायची त्या आयशाबींच्या दुकानात. त्यांना ती आपा म्हणायची. आपांच्या अफिफाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीला तिला फुलांचे दागिने नको होते. दुपारपर्यंत माना टाकतात म्हणे.

"बैलाले नवरदेवावानी सजवतं तू," आपा म्हणाल्या. "मंग माह्या पोरीले काहून नाई?"

शकुन हरखून घरी आली. पुंजाजींनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं. "बैल उभा राह्यते. पोरीचं डोकं जागेवर राह्यते काय? कपाळावरचं पडन."

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि विणायला बसली. सूत हळदीच्या रंगाचं, मणी पांढरे, मधूनमधून कापसाचे इवले गोंडे. गळ्यातलं झालं, बाजूबंद झाले, झुमके झाले. शेवटी कपाळावरची पट्टी घेतली. डोळे मण्यांत गुंतले होते. हात आपल्या जुन्या वाटेनं गेले.

हळदीच्या दिवशी आपांचं घर बायकांनी भरलेलं होतं. गळ्यातलं या हातातून त्या हातात फिरलं, सगळ्यांनी नावाजलं. मग आपांनी पट्टी उचलली. दोन्ही टोकांना दोन फासे लोंबले.

"शकुन," आपांनी हळूच विचारलं, "माह्या पोरीले शिंगं हायेत काय वं?"

घर हसून लोटपोट झालं. शकुनही हसली, पण लगेच पट्टी हातात घेऊन वीण पाहू लागली. फासे कापले तर वीणच उसवणार, नवीन विणायला वेळ नव्हता. एकीने फासे आत दुमडून पट्टीला पिना लावून पाहिल्या. अफिफाचे केस रेशमासारखे. पिना सरकल्या आणि पट्टी नाकावर आली. पुंजाजींचे शब्द शकुनच्या कानात वाजले.

तेवढ्यात अफिफाने पिना काढून फेकल्या. फासे मोकळे केले, एकेक कानामागे अडकवला, ओढून घट्ट केला. आणि माशी झटकणाऱ्या बैलासारखी मान जोरात हलवली. गोंडे नाचले, मणी वाजले. पट्टी होती तिथेच राहिली.

"असंच राहू द्या, खाला," ती शकुनला म्हणाली.

हळद लागायच्या आधीच तिच्या मैत्रिणीने स्वतःच्या लग्नासाठी तसाच संच सांगितला, वर बजावलं, फासे विसरायचे नाहीत. शकुनने तिथेच तिच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत वीत टाकून माप घेतलं. बैलाचं माप तिला पाठ होतं. हे नवीन होतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा पुंजाजी ओट्यावर वाट पाहत होते.

"पट्टी बसली काय?"

"बसली, मामाजी. शिंगं नसून बसली."

पुंजाजी मिशीत हसले. "अन् फासे कोनं शिकवले होते?"